स्कॉटलंडच्या तीन भाषा आणि आपल्या घरची बोली

आपल्या कोंकणांत ‘स्कॉच मिशन’ हे शब्द एके काळीं पुष्कळांच्या परिचयाचे होते. इ. स. १८२३ सालीं डोनाल्ड मिचेल हे स्कॉटिश मिशनरी मुंबईस उतरले व बाणकोटच्या खाडीकांठीं येऊन राहिले. त्याच वर्षीं त्यांचा अंत झाला. परंतु त्यांच्या सोबत्यांनीं बाणकोट व हर्णै येथें शाळा चालविल्या. पुढें १८२९ सालीं जॉन विल्सन मुंबईस आले, तेव्हां मराठी भाषेचे पहिले धडे त्यांनींहि याच किनाऱ्यावर घेतले. मुंबईंतील विल्सन कॉलेज त्यांच्या नांवानें आजहि उभें आहे. आपल्या गांवकऱ्यांच्या लेखीं ही सारी मंडळी म्हणजे ‘इंग्रज साहेब’. टोपी तीच, वर्ण तोच, आणि राज्यहि त्यांचेंच. तेव्हां त्यांची भाषाहि एकच असली पाहिजे, असा सर्वांचा समज.

हा समज खरा नव्हता. हे साहेब ज्या देशांतून आले, तो देश आकारानें आपल्या महाराष्ट्राच्या सुमारें चतुर्थांशाएवढा. तथापि त्यांत तीन भाषा नांदत होत्या, व आजहि नांदतात. त्या भाषांचा इतिहास मीं कॉलेजांत असतांना प्रथम वाचला, तेव्हां तो दूरच्या देशाची एक हकीकत म्हणून वाचला. पनवेलीस शिक्षक म्हणून आल्यावर मात्र तोच इतिहास मला रोज वर्गांत डोळ्यांपुढें दिसूं लागला. यास्तव तो या वार्षिकाच्या वाचकांपुढें, आणि विशेषतः पालकांपुढें, थोडक्यांत मांडावा अशी इच्छा आहे.

या तीन भाषांपैकीं पहिली गेलिक. उत्तरेकडील डोंगराळ मुलूख व पश्चिमेकडील बेटें हें तिचें घर. ती इंग्रजीची सख्खी बहीण नव्हे. जुन्या आयरिश भाषेची ती लेक. सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीं आयर्लंडांतून आलेल्या लोकांबरोबर ती स्कॉटलंडांत रुजली. इ. स. ५६३ सालीं आयोना नांवाच्या लहानशा बेटावर मठ स्थापणारे संत कोलंबा हे याच आयरिश घराण्यांतील भाषा बोलणारे. मुंबईस गांवदेवींत सेंट कोलंबा या नांवाची मुलींची शाळा आहे. मार्गारेट विल्सनबाईंनीं मुलींच्या शिक्षणाचें जें कार्य आरंभिलें, त्याच परंपरेंतील ही शाळा. इंग्रजींत रूढ झालेले ‘क्लॅन’ आणि ‘स्लोगन’ हे शब्दहि मूळचे गेलिक. पहिल्याचा मूळ अर्थ ‘लेकरें’, आणि दुसऱ्याचा ‘सैन्याची आरोळी’.

दुसरी भाषा स्कॉट्स. सखल प्रदेशांतील शेतकरी, विणकर, मच्छीमार व व्यापारी यांची ही भाषा. ही आणि इंग्रजी एकाच आईच्या पोटच्या. इंग्रज ज्यास ‘चर्च’ म्हणतो, त्यास स्कॉट्स बोलणारा ‘कर्क’ म्हणतो. ‘चाइल्ड’ला तो ‘बेर्न’ म्हणतो, ‘होम’ला ‘हेम’, आणि ‘नाइट’ला ‘निख्त’. इतकें साम्य पाहून परका मनुष्य म्हणतो कीं, ही कांहीं निराळी भाषा नव्हे, ही तर बिघडलेली इंग्रजी. परंतु सोळाव्या शतकापर्यंत स्कॉटलंडचे राजे याच भाषेंत कारभार करीत असत, व तेथील पार्लमेंटचे कायदे याच भाषेंत लिहिले जात. रॉबर्ट बर्न्स (१७५९-१७९६) हा जगन्मान्य कवि याच भाषेंत गायला. तिसरी भाषा इंग्रजी. ती शाळेची, कचेरीची व छापखान्याची. याखेरीज अगदीं उत्तरेस ऑर्कने व शेटलंड या बेटांत नॉर्न नांवाची चौथी एक भाषा होती. नॉर्वेहून आलेल्या लोकांची ती भाषा एकोणिसाव्या शतकांत शेवटच्या बोलणाऱ्यांबरोबर मातीआड झाली.

एका देशांत तीन भाषा असाव्या यांत नवल कांहीं नाहीं. आपल्याकडे एका बाजारपेठेंतहि तितक्या ऐकूं येतात. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या तीन भाषांपैकीं दोन भाषा बोलणाऱ्यांस स्वतःच्याच तोंडाची लाज वाटूं लागली, आणि ती लाज पुष्कळ अंशीं शाळेच्या द्वारानें आंत आली.

तो क्रम असा. १५६० सालीं स्कॉटलंडांत धर्मसुधारणा झाली व लोकांस पवित्र शास्त्र वाचावयास मिळूं लागलें. परंतु १५७९ सालीं एडिंबरोस छापलें गेलेलें बायबल इंग्रजी भाषेंतलें होतें. त्यामुळें घरांत स्कॉट्स बोलणारा मनुष्य प्रार्थनेस बसला कीं इंग्रजी वाचूं लागला, आणि पवित्र गोष्टींची भाषा निराळी व चुलीपाशीं बोलण्याची निराळी, असा भेद त्याच्या मनांत ठसला. १६०३ सालीं राजा लंडनास राहावयास गेला. १७०७ सालीं दोन्ही पार्लमेंटें एक झालीं. मग प्रतिष्ठित लोक आपल्या बोलण्यांतले देशी शब्द वेंचून फेंकूं लागले. डेव्हिड ह्यूम यांच्यासारख्या थोर तत्त्ववेत्त्यानें १७५२ सालीं टाळावयाच्या स्कॉट्स शब्दप्रयोगांची एक यादीच छापिली. १७६१ सालीं टॉमस शेरिडन नांवाचा आयरिश नट एडिंबरोस येऊन शुद्ध इंग्रजी उच्चारांवर व्याख्यानें देऊं लागला, तेव्हां शहरांतील विद्वान व सभ्य गृहस्थ विद्यार्थ्यांप्रमाणें त्याच्यापुढें जाऊन बसले.

गेलिकची गत याहून कठीण झाली. १६०९ सालीं डोंगरी मुलखांतील सरदारांकडून असें लिहून घेण्यांत आलें कीं, त्यांनीं आपलीं वडील मुलें सखल प्रदेशांत इंग्रजी शिकावयास पाठवावीं. १६१६ सालीं राजाच्या मंत्रिमंडळानें गांवोगांव शाळा काढण्याचा ठराव केला. त्याचा एक उद्देश असा स्पष्ट लिहिलेला होता कीं, गेलिक भाषा नाहींशी व्हावी, कारण त्या लोकांच्या रानटीपणाचें मूळ तीच. १७०९ सालीं धर्मज्ञानाच्या प्रसारासाठीं एक मोठी संस्था निघाली. तिनें डोंगरांत पुष्कळ शाळा घातल्या, परंतु आरंभीं त्या शाळांत गेलिकला मज्जाव होता. पुढें १८७२ चा शिक्षणाचा कायदा झाला, त्यांत गेलिकचें नांवहि नव्हतें. गेलिक शब्द तोंडांतून निघाला तर त्या मुलाच्या गळ्यांत एक काठी अडकवीत, व तो दुसऱ्या कोणास गेलिक बोलतांना पकडीपर्यंत ती त्याच्या गळ्यांत राही, अशा आठवणी तेथील वृद्धांनीं सांगून ठेविल्या आहेत. ज्या शिक्षेंत एका मुलानें आपल्या सोबत्याची चाहूल घ्यावी, ती शिक्षा भाषेपुरती राहात नाहीं. ती मैत्रीचाहि नाश करिते.

आपल्या किनाऱ्यावरहि असेंच कांहीं घडलें आहे. ज्या १६१६ सालीं स्कॉटलंडांत वरील ठराव झाला, त्याच सालीं गोव्यांत रायतूर येथें फादर टॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचा ‘क्रिस्तपुराण’ हा मराठी ओंवीबद्ध ग्रंथ छापला गेला. एका देशांत राजसत्ता लोकांची भाषा उपटूं पाहात होती, आणि त्याच वेळीं दुसऱ्या देशांत एक परका मनुष्य लोकांच्याच भाषेंत काव्य रचीत होता. पण गोव्यांतहि हे दिवस टिकले नाहींत. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयानें हुकूम सोडला कीं, रयतेनें तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलूं लागावें. हुकमानें कोंकणी मेली नाहीं. १९८७ सालीं ती गोव्याची राजभाषा झाली, व १९९२ सालीं भारताच्या राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत तिला स्थान मिळालें. परंतु मधल्या तीनशें वर्षांत कित्येक घरांतून ती हद्दपार झाली, ही हानि कोणत्या कायद्यानें भरून निघणार?

स्कॉटलंडांतील त्या धर्मज्ञानसंस्थेची आणखी एक गोष्ट मात्र न्यायानें सांगितली पाहिजे. अनुभवानें तिच्या ध्यानांत आलें कीं, डोंगरांतलीं मुलें इंग्रजी पुस्तक खडखडा वाचतात, परंतु त्यांस त्यांतला अर्थ कळत नाहीं. तेव्हां तिनें आपलें धोरण बदललें. १७६७ सालीं तिच्याच आश्रयानें नवा करार गेलिकमध्यें छापला गेला, व १८०१ सालीं संपूर्ण बायबल. डॉ. सॅम्युएल जॉन्सन हे इंग्रज कोशकार स्कॉटिश लोकांची थट्टा करण्यांत पटाईत. पण या भाषांतरास कांहीं लोक विरोध करितात असें ऐकतांच, १७६६ सालीं त्यांनींच भाषांतराच्या बाजूनें पत्र लिहिलें. याच संस्थेचा अलेक्झांडर मॅकडोनाल्ड नांवाचा एक शिक्षक होता. संस्थेच्या सांगण्यावरून त्यानें १७४१ सालीं गेलिक व इंग्रजी शब्दांचें एक पुस्तक तयार केलें. मुलांस इंग्रजी शिकवितां यावें एवढाच त्याचा हेतु होता. दहा वर्षांनीं त्याच शिक्षकानें आपल्या गेलिक कवितांचा ग्रंथ छापिला, व तो त्या भाषेंतील थोर कवींपैकीं एक गणला गेला.

येथपर्यंत परक्या देशाची कथा झाली. आतां आपल्या वर्गांत येऊं.

पनवेल हें खाडीचें, घाटाचें व मुंबईचें नाकें. येथें १८५२ सालीं नगरपालिका स्थापन झाली. येथें बेने इस्राएल लोकांचें एकोणिसाव्या शतकांतील सिनेगॉग आहे. त्या समाजाची प्रार्थना हिब्रू, पण घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी. त्यांच्यासाठीं जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींतून लिहिलें होतें. माझें स्वतःचें घराणें पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतलें; माझ्या आजीची मराठी देशावरची, ठसठशीत. खाडीकांठच्या गांवांतून येणारीं मुलें घरीं आगरी बोलतात, आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांवरून येणारीं कातकरी. ग्रियर्सन साहेबांच्या भाषापाहणीचा मराठीवरील खंड १९०५ सालीं निघाला, त्यांत या दोन्ही बोलींची नोंद आहे. वर्गांत मात्र आम्ही सर्व एकच पुस्तकी मराठी बोलतों, आणि आतां हळूहळू तिचीहि जागा इंग्रजी घेत आहे.

आगरी बोलींत ‘पाणी’ हें ‘पानी’ होतें, ‘डोळा’ हा ‘डोला’ होतो, आणि ‘ड’च्या जागीं पुष्कळदां ‘र’ येतो. कांहीं वर्षांपूर्वीं सहावीच्या वर्गांत खाडीपलीकडच्या एका गांवचा मुलगा धडा वाचीत होता. ‘झाड पडलें’ हे शब्द त्यानें ‘झार परलं’ असे वाचले. वर्ग हंसला. मीं वर्गास गप्प केलें व मुलास पुढें वाचावयास सांगितलें. त्यानें वाचलें, पण दुसऱ्या दिवसापासून तो आपण होऊन हात वर करीना. त्या वर्षीं मुलांस हंसूं नका असें सांगणें मला सोपें गेलें, परंतु त्याचें तोंड पुन्हा उघडणें फार कठीण गेलें.

थोड्या दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले. मोठे सालस गृहस्थ. ते म्हणाले, “गुरुजी, आमचं बोलणं या पोराच्या तोंडातून घालवा. आम्ही घरीसुद्धा त्याच्याशी आगरी बोलणं बंद केलंय. आम्हाला लोक हसले ते हसले, याला तरी हसू नयेत.” त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, मुलावरील माया होती, आणि जन्मभर सोसलेला अपमान होता. मीं त्यांस एवढेंच म्हटलें कीं, “दादा, पुस्तकी मराठी मी त्याला नक्की शिकवीन, ती माझी जबाबदारी. पण तुमचं बोलणं घालवायचं काम मला सांगू नका.” त्यांस तें पटलें असें मला त्या वेळीं दिसलें नाहीं.

पुढें वैशाखांत त्या मुलाच्या बहिणीच्या लग्नाचें बोलावणें आलें, म्हणून मी त्यांच्या गांवीं गेलों. आगरी लग्नांत ‘धवला’ गाणारी वृद्ध स्त्री असते, तिला धवलारीण म्हणतात. त्या घरीं मुलाची आजीच ती होती. हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीचें गाणें ती पुस्तकावांचून, न अडखळतां म्हणत होती. एके ठिकाणीं तिला ओळ आठवेना. तेव्हां जवळ बसलेल्या त्या मुलानें, वर्गांत ज्याचें तोंड उघडत नव्हतें त्यानें, हळूच पुढचे शब्द सांगितले, आणि गाणें पुढें चाललें. त्याचे वडील मांडवाच्या खांबापाशीं उभे राहून पाहात होते. आम्ही दोघेहि कांहीं बोललों नाहीं.

हा ‘धवला’ शब्द कोठला, हें विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्यासारखें आहे. तेराव्या शतकांत महानुभाव पंथांतील महदंबा या विदुषीनें रुक्मिणीच्या विवाहावर गाणीं रचिलीं. तिला मराठीची आद्य कवयित्री मानितात, आणि त्या गाण्यांचें नांव ‘धवळे’. म्हणजे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या आरंभींच जो शब्द आपण परीक्षेसाठीं पाठ करितों, तो खाडीकांठच्या अशिक्षित आजीच्या तोंडांत जिवंत आहे. फक्त ‘ळ’चा ‘ल’ झाला आहे. तसेंच आगरी मनुष्य ‘तो आला’ न म्हणतां ‘तो आयला’ म्हणतो. जुन्या मराठींत ‘आइला’ असें रूप आढळतें. तेव्हां बिघडलें कोण, आणि जुनें जपलें कोणी? मघां सांगितलेला ‘निख्त’ शब्द येथें आठवावा. इंग्रजी ‘नाइट’च्या स्पेलिंगांत जीं मुकीं अक्षरें आपणांस छळतात, त्यांचा उच्चार इंग्रजांनीं टाकून दिला, स्कॉट्स बोलणाऱ्या शेतकऱ्यानें तो जपून ठेविला. ज्यास आपण गांवढळ म्हणतों, तो पुष्कळदां जुन्या ठेव्याचा राखणदार असतो. आपल्या जिल्ह्यांत अलिबागजवळ आक्षी येथें जो शिलालेख आहे, तो कित्येक विद्वान शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानितात, व मराठींतील अतिप्राचीन लेखांत त्याची गणना करितात. ज्या मातींत मराठी इतकी जुनी, त्या मातींतल्या बोलीस मराठीची बिघडलेली नक्कल म्हणावें, हें न्यायाचें नव्हे.

यावर पालकांचा एक प्रश्न असतो, व तो योग्यच आहे. ते म्हणतात, “हे सर्व खरें, पण पोट बोलीवर भरत नाहीं. मुलाला इंग्रजी आलें पाहिजे, आणि घरची बोली त्याच्या आड येते.” मी त्यांस जेम्स मरे यांचें चरित्र सांगतों. हे गृहस्थ १८३७ सालीं स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील डेनम या खेड्यांत एका शिंप्याच्या घरीं जन्मले. चौदाव्या वर्षीं त्यांची शाळा सुटली. पुढें ते शाळामास्तर झाले. १८७३ सालीं त्यांनीं आपल्या मुलखांतील बोलीचें शास्त्रशुद्ध वर्णन करणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. घरच्या बोलीचा प्रत्येक उच्चार त्यांनीं असा कान देऊन पारखला होता. आणि याच मनुष्याकडे १८७९ सालीं इंग्रजी भाषेच्या सर्वांत मोठ्या कोशाचें, म्हणजे ऑक्सफर्डच्या कोशाचें, संपादन सोंपविण्यांत आलें. १९१५ सालीं मरण येईपर्यंत ते तेंच काम करीत होते. इंग्रजी शब्दांचा निवाडा करण्यासाठीं इंग्रजांनीं ज्यास आसनावर बसविलें, त्याच्या घरची भाषा स्कॉट्स होती. ती आड आली असती तर कोणाच्या आली असती?

अर्थात्‌ शाळेनें पुस्तकी मराठी व इंग्रजी शिकवूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. तसें केल्यास गरिबाच्या मुलांस आपण कोंडून ठेवूं. मोठी भाषा शिकविणें हें शाळेचें कर्तव्यच आहे. कातकरी वाडीवरचें मूल पहिल्या इयत्तेंत येतें, तेव्हां त्यास पुस्तकांतले शब्द परके असतात. अर्थ न समजतां तें वाक्यें म्हणत राहतें, आणि मास्तरांस वाटतें कीं मूल मंद आहे. तेथें बोलीचे चार शब्द जाणणारा शिक्षक असेल तर तेंच मूल महिन्याभरांत प्रश्न विचारूं लागतें. अठराव्या शतकांत स्कॉटलंडच्या डोंगरांत जें कळलें, तेंच येथेंहि खरें आहे. घरच्या बोलीची पायरी दिली तर मूल वर चढतें. ती काढून घेतली तर खालींच उभें राहतें.

आणखी एका कारणानें हा विषय आज निकडीचा झाला आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडच्या डोंगरांतून जमीनदारांनीं कुळें उठविलीं व तेथें मेंढ्या पोसल्या. लोक ग्लासगोच्या गिरण्यांत गेले, कॅनडांतील नोव्हा स्कोशियांत गेले. जमीन सुटली तशी भाषाहि सुटत गेली, कारण भाषेचे पुष्कळ शब्द जमिनीलाच बांधलेले असतात. आपल्याकडील गोष्ट अगदीं तशीच नव्हे. परंतु १९७० पासून नवी मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि २०२५ सालीं ज्याचें उद्घाटन झालें त्या विमानतळासाठीं दहा गांवें उठून दुसरीकडे वसलीं. ‘आगरी’ हें नांवच ‘आगर’ शब्दावरून आलें असें सांगतात. मिठागर, खाजण, खारबंदिस्तीचा बांध, भरतीचें पाणी अडवून ओहोटीस सोडणारी उघाडी, हे शब्द ज्या कामांतून जन्मले तें कामच आतां उरत नाहीं. विमान पाहावयास जाणाऱ्या मुलास ‘उघाडी’ म्हणजे काय हें त्याच्या आजोबांनींच सांगावयाचें आहे. आणि आजोबा फार दिवस थांबणार नाहींत.

स्कॉटलंड आतां जागें झालें आहे. १९८५ पासून तेथें गेलिक माध्यमाचें शिक्षण सुरू झालें. २००५ सालीं गेलिकसाठीं कायदा झाला, आणि २०२५ च्या कायद्यानें गेलिक व स्कॉट्स या दोन्ही भाषांस अधिकृत दर्जा मिळाला. विल्यम लोरिमर या विद्वानानें मूळ ग्रीकवरून केलेलें नव्या कराराचें स्कॉट्स भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९८३ सालीं प्रसिद्ध झालें. १५६० पासून जी उणीव होती ती अशी भरून निघाली. २०२२ च्या शिरगणतींत सुमारें पंधरा लाख लोकांनीं आपणांस स्कॉट्स बोलतां येतें असें लिहिलें, आणि थोडेंबहुत गेलिक येणाऱ्यांची संख्या १,३०,१६१ भरली. ती २०११ सालीं ८७,०५६ होती. हे आंकडे पाहून आनंद होतो. परंतु १८९१ सालीं एकट्या गेलिक बोलणाऱ्यांचीच संख्या अडीच लाखांवर होती. आणि पश्चिमेच्या ज्या बेटांत ती चुलीपाशीं बोलली जात असे, तेथेंच आतां बोलणारे निम्म्याहून कमी उरले आहेत. शहरांत वर्ग वाढत आहेत आणि बेटांवर घरें मुकीं होत आहेत. कायदा शाळा काढूं शकतो. आईनें लेकराशीं कोणत्या भाषेंत बोलावें, हें त्यास ठरवितां येत नाहीं.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, मी एक लहानसें काम सुचवितों. येत्या सुटींत प्रत्येकानें एक वही घ्यावी व घरांतील वृद्धांकडून पन्नास शब्द लिहून आणावे. शेताचे, मिठागराचे, होडीचे, जाळ्याचे, स्वयंपाकाचे, लग्नाचे, रानांतल्या भाज्यांचे, जे असतील ते. शब्द आजी जसा उच्चारते तसाच लिहावा, सुधारूं नये. त्यापुढें पुस्तकी मराठींत अर्थ, व त्याखालीं आजीच्याच तोंडचें एक वाक्य. ज्यांच्या घरीं कानडी, गुजराती, भोजपुरी किंवा मल्याळम बोलतात, त्यांनींहि असेंच करावें. या वह्या शाळेच्या ग्रंथालयांत ठेवूं. आणि पालकहो, तुम्हांस विनंति एवढीच कीं, मुलांनीं विचारलें असतां ‘तें गांवढळ बोलणें कशाला हवें?’ असें म्हणूं नका.

येशूला पकडून नेलें त्या रात्रीं त्याचा शिष्य पेत्र अंगणांत शेकत बसला होता. तेथील लोकांनीं त्यास ओळखलें तें त्याच्या गालीली उच्चारावरून. राजधानींतल्या लोकांस ती खेडवळ बोली तेव्हांच कळे. भयानें त्यानें येशूस नाकारलें. पण थोड्याच आठवड्यांनीं त्याच शहरांत, सर्व देशांच्या लोकांपुढें, जो उभा राहून मोठ्यानें बोलूं लागला तो हाच कोळी पेत्र. मधल्या काळांत त्यानें आपला उच्चार बदलला होता, असें शास्त्रांत कोठें लिहिलेलें नाहीं.